खारपाणपट्ट्यातल्या वावरांचा सोडियम नकाशा : गटनिहाय कसा काढावा?

वऱ्हाडी_वावर
राम राम मंडळी.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारी जमीन आणि खारं पाणी असलेल्या पट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून हा पट्टा सुमारे ४.७ लाख हेक्टर भरतो. जमीन काळीभोर आणि खोल. बाहेरचा माणूस बघतो आणि म्हणतो, काय सोन्यासारखी जमीन आहे! पण एकाच शिवारात एका धुऱ्याच्या अलीकडे हरभरा गुडघ्याला लागतो आणि पलीकडे वीतभर वाढून पिवळा पडतो. बियाणं तेच, खत तेच, पाऊसही तोच. फरक मातीच्या पोटातल्या सोडियमचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कुठल्या गटात किती आणि किती खोल, हे मात्र कोणाकडेच लिहिलेलं नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी ठरवलंय की गावाचा सोडियमचा नकाशा काढायचा. गट नंबर टाकून, रंग भरून, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा. त्यासाठी हा धागा.

माझा पहिला मुद्दा मृदा आरोग्य पत्रिकेचा. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि चांगलीच आहे, तिच्यामुळे लोक माती तपासायला शिकले. पण पत्रिकेवरचे बारा रकाने बघा: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. सोडियम यात नाही. आमच्या पट्ट्याचा मुख्य आजार सोडियमचा, आणि तपासणीत नेमका तोच वगळलेला. माझ्याच गटाच्या पत्रिकेवर सामू ८.५ आणि क्षारता ०.३ आली, शेजारी शेरा ‘सर्वसाधारण’. क्षारता कमी म्हणून जमीन निरोगी, असं वाचणाऱ्याला वाटतं. त्याच गटात मृगाच्या पावसानंतर तासांमध्ये गढूळ पाणी तुंबून राहतं आणि सोयाबीन जागच्या जागी सडतं.

दुसरा मुद्दा खोलीचा. पत्रिकेसाठी नमुना घेतात तो वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरचा. कपाशीची आणि तुरीची मुळं जिथे अडतात तो थर त्याच्या खाली आहे. शिवाय मूळ योजनेत कोरडवाहू भागासाठी दहा हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना ठरला होता. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. तेवढ्या जागेत आमच्याकडे पाच-सहा खातेदार आणि दोन-तीन तऱ्हेची जमीन सहज निघते.

तर जाणकारांना विचारायचं आहे ते असं: कोणती तपासणी करून घ्यायची, किती खोलवरून माती काढायची, किती नमुने लागतील, आणि आकडा हातात आल्यावर कितीच्या वर गेला की तांबडा रंग द्यायचा?

मृदगंध
विषय काढलात ते फार बरं केलं. मी माती तपासणीच्या कामात आहे, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो.

खारवट जमीन आणि चोपण जमीन यांची गल्लत होते, आणि तुमच्या पत्रिकेवरही तीच झाली आहे. खारवट जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात, ते क्षारतेच्या आकड्यात दिसतात. चोपण जमिनीत क्षार बेताचेच असतात, पण चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलेल्या धातूंमध्ये सोडियमचा वाटा वाढलेला असतो. तो क्षारतेच्या मीटरला दिसत नाही. त्यासाठी विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी काढावी लागते. मातीची धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे कणांवर असे धातू धरून ठेवायच्या एकूण जागा, शंभर धरली तर त्यातल्या किती जागा सोडियमने अडवल्या, तो हा आकडा. तुमचा ८.५ सामू मात्र इशारा देतोच आहे. नुसत्या चुनखडीमुळे सामू साधारण ८.२ ते ८.४ पर्यंत जातो. त्याच्या वर चढला की सोडियम बायकार्बोनेटचा संशय घ्यावा.

आपल्याकडे हे होतं कसं? बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली ही माती आहे. झिजताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बायकार्बोनेट सुटतात. पाऊस कमी आणि ऊन कडक, त्यामुळे कॅल्शियम बायकार्बोनेटशी मिळून चुनखडी होऊन खाली बसतो. खणताना ज्या पांढऱ्या गाठी लागतात त्या याच. कॅल्शियम असा बाजूला पडला की मातीच्या पाण्यात सोडियमचं पारडं जड होतं आणि तो कणांवर जाऊन बसतो. कॅल्शियम मातीचे पत्रे पापडाच्या चळतीसारखे एकमेकांना धरून ठेवतो. सोडियम स्वतःभोवती पाण्याचं मोठं कवच घेऊन बसतो, मग पत्रे एकमेकांपासून सुटतात, बारीक कण मोकळे होऊन छिद्रांत अडकतात आणि पाण्याची वाट बंद होते. पाणी खाली जात नाही म्हणून सोडियम धुऊन जात नाही, आणि सोडियम जात नाही म्हणून पाणी मुरत नाही.

आता मर्यादेचा प्रश्न, कारण नकाशाचा सगळा अर्थ त्यावर ठरतो. पुस्तकांत १५ टक्के ही रेषा असते. ती १९५४ साली अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातून काढलेल्या पुस्तिकेतली आहे. ऑस्ट्रेलियात मात्र नॉर्थकोट आणि स्कीन यांनी १९७२ साली ६ ही रेषा ओढली. एवढी तफावत का? अमेरिकेतले प्रयोग थोडेफार क्षार असलेल्या पाण्यावर झाले आणि ऑस्ट्रेलियातले जवळजवळ निर्मळ पाण्यावर. पाण्यात थोडे क्षार असले की सोडियम असूनही कण सुटत नाहीत. पावसाच्या पाण्यात क्षार नसतातच, त्यामुळे कमी सोडियमवरही माती विस्कटते. आपली शेती पावसावरची. म्हणून १५ ची रेषा लावून नकाशा काढलात तर निम्मी आजारी वावरं हिरव्या रंगात जातील. पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी काम केलं आहे, त्यांचाही कल ५ च्या आसपासच्या मर्यादेकडेच आहे. माझं मत विचाराल तर ५ पर्यंत हिरवा, ५ ते १० पिवळा, १० ते १५ नारिंगी आणि त्यावर तांबडा.

प्रयोगशाळेत देताना स्पष्ट सांगा: विनिमययोग्य सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि धन आयन विनिमय क्षमता. क्षार जास्त असतील तर पाण्यात विरघळलेला सोडियम वेगळा मोजून वजा करायला सांगा, नाहीतर आकडा फुगतो. हे विचारायला अजिबात संकोच करू नका. विनिमय क्षमता होत नसेल तर संपृक्त लगद्याच्या अर्कातून सोडियम शोषण गुणोत्तर काढून मिळतं. सोडियमला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या सरासरीच्या वर्गमुळाने भागायचं, मिली इक्विव्हॅलंटमध्ये. या गुणोत्तराचा १३ आणि टक्केवारीचा १५ साधारण सारखे धरतात.

तेल्हाऱ्याचे_काका
तुम्ही लोकं शास्त्राचं सांगता थे बरोबर हाय. मी वावरात पाहून जे दिसते थे सांगतो, त्याचाही उपयोग व्हावा नकाशात.

आमच्या इकडे खारी जमीन वळखायची असन तर पाऊस उघडल्यावर जा. चांगल्या वावरातलं पाणी मुरते नाईतर निवळशंख होऊन वाहून जाते. खाऱ्या वावरातलं पाणी चार-चार दिवस गढूळच राहते, निवळतच नाई. वरून वाळल्यासारखी खपली धरते अन् पाय टाकला की आत चिखल. वापसा, म्हंजे वावरात काम कराजोगी ओल, येतच नाई. लोकाईचा डवरा चालू होते तवा आपण धुऱ्यावर बसून रायतो. मंग तण माजते. एकाएकी ऊन तापलं का तेच वावर दगडासारखं कडक. डवरा लागत नाई, ढेकळं निघतात.

पेरणीचंही तसंच. पेरलं अन् वरून जोराचा पाऊस आला का खपली बसते, कोंब वर येत नाई. दुबार पेरणी खारीतच जास्त होते. म्हणून म्हणतो, नुसती माती तपासू नका. दरेक गटाच्या मालकाले विचारा, पाऊस पडल्यावर वापसा किती दिवसानं येते, दुबार पेरणी किती खेपा झाली, अन् पऱ्हाटी, म्हंजे कपाशी, कोणत्या कोपऱ्यात बसते. म्हाताऱ्या माणसाईले तास अन् तास पाठ हाय. थे आधी कागदावर घ्या.

अन् अजून एक. लोकाईले वाटते का खोलगट जागी खार जास्त. आमच्या इकडे उलटं पाह्यलं मी. जरा उंचवट्यावर जास्त खार हाय, खोलगटात कमी. काहून थे मले सांगता येत नाई.

मृदगंध
काका, तुमचं निरीक्षण पक्कं आहे आणि त्याला आधारही आहे. वैद्य आणि पाल यांनी अमरावती जिल्ह्यातल्या पेढी नदीच्या खोऱ्यात हेच नोंदवलं आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केलं. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या शिवारातही थोडे उंचवटे आणि थोडे खोलगट भाग असतात. खोलगट भागात पाणी थांबतं, जास्त मुरतं, आणि सोडियम खाली ढकलला जातो. उंचवट्यावरून पाणी निघून जातं, मातीत कमी शिरतं, चुनखडी वरच्या थरातच बसते आणि सोडियम तिथेच साठतो. त्यामुळे नमुने घेताना चढ-उतार बघूनच जागा निवडायच्या. वापशाचे दिवस हा रकाना तर हवाच. तो पाण्याच्या निचऱ्याचा फुकटचा मोजमाप आहे, आणि पिकाचं उत्पन्न निचऱ्यावरच जास्त अवलंबून असतं.

बोंडअळीग्रस्त
एवढी खटपट कशाला? सगळ्या पट्ट्यात खार आहे हे माहीतच आहे. सरसकट जिप्सम टाका, विषय संपला. नकाशात पैसे घालण्यापेक्षा जिप्सममध्ये घाला.

मृदगंध
तुमची तळमळ समजते, पण एकदा हिशेब मांडून बघू.

समजा एका गटाची विनिमय क्षमता ५० एकक (शंभर ग्रॅम मातीला मिली इक्विव्हॅलंट) आहे आणि सोडियम १२ टक्के. तो ५ वर आणायचा. म्हणजे ७ टक्के काढायचा, ५० च्या ७ टक्के होतात ३.५ एकक. वरच्या १५ सेंटिमीटर मातीतला एक एकक सोडियम हटवायला हेक्टरी साधारण १.९ टन शुद्ध जिप्सम लागतं. म्हणजे ६.७ टन हेक्टरी, एकरी सुमारे २.७ टन. बाजारातलं जिप्सम ८० टक्के शुद्ध धरलं तर एकरी ३.४ टनांवर जातं. आणि शेजारच्या गटात सोडियम ४ टक्के असेल तर तिथे काहीच टाकायची गरज नाही.

सरसकट एकरी टनभर टाकलं तर पहिल्या वावराला ते अपुरं आणि दुसऱ्याला वाया. ज्याच्याकडे पैसा एकदाच खर्च करायची ताकद आहे त्याला हा फरक फार मोठा आहे. नकाशा त्यासाठीच.

आणि जिप्सम टाकून भागत नाही. सुटलेला सोडियम वाहून जायला वाट लागते. धुऱ्याला चर नसेल, पाणी काढून द्यायला नाला नसेल, तर सोडियम आहे तिथेच राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर जिप्सम टाकायचं, वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये वखराने मिसळायचं, आणि त्यासोबत ताग किंवा धैंचा गाडला तर निचरा सुधारतो. आपल्या मातीत चुनखडी भरपूर आहे, तेव्हा गंधक टाकून तिच्यातलाच कॅल्शियम सोडवता येतो. गंधकाचं आम्ल व्हायला ओल, ऊब आणि सूक्ष्म जीव लागतात, त्यामुळे तो मार्ग संथ आहे.

उपग्रह
नागपूरला दूरसंवेदनाच्या क्षेत्रात काम करतो. नकाशाच्या बाजूने लिहितो.

सध्या जे नकाशे उपलब्ध आहेत त्यांच्यात तुमचं गाव शोधू नका, सापडणार नाही. देशातल्या क्षारग्रस्त जमिनींचा जो आकडा सगळीकडे वापरला जातो, ६७.४ लाख हेक्टर, तो १:२५०००० प्रमाणाच्या नकाशांवरून आला आहे. त्यात महाराष्ट्राचे ६ लाख हेक्टर, पैकी सुमारे ४.२ लाख हेक्टर सोडियमच्या आणि उरलेल्या खारवट. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. तुमचं सगळं शिवार बोटाच्या पेराएवढ्या जागेत संपतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये क्षारग्रस्त जमिनींचा जागतिक नकाशा काढला, त्याचा एकेक ठिपका किलोमीटरभराचा. धोरण ठरवायला हे उत्तम, पण गट नंबरला त्यांचा काही उपयोग नाही. त्या जागतिक नकाशातली एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये क्षारग्रस्त जमिनींपैकी १० टक्के निव्वळ सोडियमच्या निघाल्या, ३० ते १०० सेंटिमीटरच्या थरात २४ टक्के. सोडियम खाली दडलेला असतो, हे कोरड्या प्रदेशांत जगभर दिसतं.

उपग्रहावर फार विसंबू नका. उत्तर प्रदेशातल्या ऊसर जमिनी पांढऱ्या आणि उघड्या असतात, उपग्रहाला सहज दिसतात. आपली चोपण जमीन वरून काळीच दिसते, तिच्यावर पीकही उभं असतं. उपग्रह मातीच्या आत बघू शकत नाही. पण पीक कसं उभं आहे ते बघू शकतो. सेंटिनेल-२ ची चित्रं दहा मीटरच्या ठिपक्याची, दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी एकदा, आणि फुकट. मी असं सुचवीन: मागच्या काही वर्षांतली हरभऱ्याच्या हंगामातली, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली चित्रं घ्या. तेव्हा ढग नसतात आणि पीक जमिनीतल्या ओलीवर उभं असतं. हिरवेपणाचा निर्देशांक काढा. ज्या जागा वर्षामागून वर्ष फिक्या दिसतात त्या वेगळ्या करा. त्या खाऱ्याच आहेत असं नाही, मुरमाड किंवा पडीकही असू शकतील. पण खड्डे कुठे खोदायचे ते त्यावरून ठरवता येईल.

गटांच्या हद्दी राज्य सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर मिळतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात त्या हद्दी उपग्रहाच्या चित्रावर बसवून घ्या. गावातला कोणी शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे शिकून घेईल.

एक कळकळीची विनंती. नमुने थोडे असतील तर संगणकाकडून मधल्या जागांचे आकडे काढून घेऊन सुंदर, सलग रंगांचा नकाशा करू नका. क्रिगिंगसारख्या पद्धतीला विश्वासाने चालवायचं तर शंभराच्या आसपास तरी बिंदू लागतात. थोड्या बिंदूंवरचा सलग नकाशा बघायला सुंदर वाटतो आणि लोक त्यावर भरवसा ठेवून पैसे टाकतात. त्यापेक्षा ज्या गटात खड्डा झाला तोच गट रंगवा, बाकीचे कोरे ठेवा. कोरा गट हीसुद्धा खरी माहितीच आहे.

शेततळं_आणि_लिंबू
बाळापूर तालुक्यातून लिहिते. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं, म्हणून शेततळं केलं. या पट्ट्यात तळ्याला प्लास्टिक अंथरायची गरज पडत नाही, पाणी मुरतच नाही. त्या पाण्याने हरभऱ्याला एक ओलित दिलं तरी फरक जाणवतो. दोन प्रश्न आहेत. तळ्यातलं पाणी महिनोन्‌महिने गढूळ राहतं, ठिबकच्या गाळण्या तुंबतात. हे सोडियममुळेच का? आणि लिंबाची काही झाडं सुरुवातीला बोअरवर जगवली होती, त्यांच्या जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या होतात, नवी पानं बरी दिसतात. नकाशात पाण्याची नोंद पण घ्यावी असं वाटतं.

मृदगंध
ताई, दोन्ही गोष्टी सोडियमकडेच बोट दाखवतात. तळ्याच्या काठाची माती चोपण असली की तिचे कण पावसाच्या पाण्यात तरंगत राहतात, तळाशी बसत नाहीत. ठिबकपुरतं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन तुरटीने निवळून घेता येईल. ओलित देताना पाण्याच्या वाटेवर पोत्यात जिप्सम ठेवलं तर थोडा कॅल्शियम पाण्यात उतरतो. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, पण तेवढ्यानेही पाणी मुरायला मदत होते.

लिंबाचं निराळं आहे. इथे मातीची घडण बिघडण्याबरोबर सोडियम थेट झाडालाही बाधतो. मुळांवाटे वर चढलेला सोडियम जुन्या पानांच्या टोकांना आणि कडांना साठतो, म्हणून करपणं तिथून सुरू होतं. क्लोराइडनेही असंच होतं, तेव्हा पानांची तपासणी करून दोन्ही बघा. फळझाडं याबाबत फार नाजूक. पाण्याचं सोडियम शोषण गुणोत्तर ३ च्या आत असेल तर काळजी नको, ३ ते ९ मध्ये जपून, ९ च्या वर असेल तर ते पाणी लिंबाला देऊच नये. कपाशी त्यामानाने बरीच सोसते, मूग-हरभरा कमी सोसतात.

विहीर-बोअरचा रकाना नकाशात जरूर घ्या. पाण्याच्या तपासणीत शिल्लक सोडियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरणारं कार्बोनेट-बायकार्बोनेट, मागून घ्या. तो आकडा १.२५ च्या आत चांगला, २.५ च्या वर गेला तर ते पाणी आज चांगल्या असलेल्या जमिनीलाही चोपण करतं.

कृष्णाकाठ
सांगलीकडून बोलतोय. आमच्याकडे ऊस आणि कालव्याचं पाणी यामुळे जमिनी बिघडल्या. पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले. भूमिगत निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या टाकून कित्येक एकर जमिनी परत लागवडीखाली आल्या आहेत. तुमच्याकडे तो प्रयोग का करत नाहीत?

मृदगंध
तुमची जमीन माणसाने पाणी जास्त दिल्याने बिघडली, आमची हजारो वर्षांत निसर्गतःच अशी झाली. शिवाय चिकणमाती इतकी जड आहे की पाणी नळीपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. त्यामुळे आधी जिप्सम आणि उघडे चर, नळ्यांचा विचार त्यानंतर. पण तुमच्या अनुभवातून एक गोष्ट घ्यायलाच हवी. पूर्णेवर जिगाव धरण होतंय, घुंगशी आणि नेरधामण्याला बॅरेज आहेत. उद्या या पट्ट्यात बारमाही पाणी आलं तर कोणती जमीन ते पेलेल आणि कोणती चिबडेल, हे आधीच माहीत असायला हवं. आज काढलेला नकाशा तेव्हा तुलनेसाठी हाताशी राहील.

तेल्हाऱ्याचे_काका
हे मात्र लाखाचं बोलले. पाणी यायच्या आधी नकाशा झाला पाह्यजे. पाणी आलं का जो तो मोकाट पाणी सोडते, मंग कोणी कोणाचं ऐकत नाई.

फळा_खडू
मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेचा खर्च प्रत्येक गटाला परवडणार नाही, म्हणून आधी चाळणी लावायची एक पद्धत सुचवतो. ऑस्ट्रेलियात इमर्सन यांनी १९६७ साली ही चाचणी बसवली, मुलंही करू शकतात.

काचेच्या पेल्यात पावसाचं जमा केलेलं पाणी घ्यायचं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालेल, विहिरीचं मुळीच नको. वर मृदगंध यांनी सांगितलंय तेच कारण, विहिरीच्या पाण्यातले क्षार कणांना धरून ठेवतात आणि खारी मातीही चांगली वाटायला लागते. वाळलेल्या मातीचा तुरीच्या दाण्याएवढा खडा अलगद तळाशी सोडायचा. ढवळायचं नाही, पेला हलवायचा नाही. दोन तासांनी बघायचं आणि मग दुसऱ्या दिवशी, साधारण वीस तासांनी.

खडा नुसता फुटून त्याची रास झाली आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं, तर घाबरायचं कारण नाही, काळी माती फुटतेच. पण खड्याच्या कडेने दुधट धुकं पसरायला लागलं तर सोडियम आहे. धुकं खड्यालगत पातळ कड्यासारखं असेल तर थोडा, आणि सगळा तळ झाकून पाणी चहासारख्या रंगाचं झालं तर बराच. प्रत्येक गटाचा वरचा खडा आणि दोन फुटांखालचा खडा असे दोन पेले शेजारी ठेवा. वरचा स्वच्छ आणि खालचा गढूळ, असं बऱ्याच ठिकाणी दिसेल. ज्या मातीत सोडियमबरोबर मोकळे क्षारही भरपूर आहेत, तिथे धुकं दिसणार नाही. म्हणून क्षारता जास्त असलेले गट पेल्यावरून निर्धोक धरू नका, ते सरळ प्रयोगशाळेत पाठवा.

आमच्या आठवी-नववीच्या मुलांना हे काम द्यायला मी तयार आहे.

वऱ्हाडी_वावर
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मार्गदर्शन मिळेल असं वाटलं नव्हतं. आता आम्ही काय करणार ते लिहितो, कुठे चुकत असेल तर लगेच सांगा.

तूर आणि कपाशी निघाल्यावर, जमीन मोकळी असताना, सुरुवात करू. त्याआधी गावातल्या जाणत्या लोकांना बसवून गटवार वापशाचे दिवस, दुबार पेरणी आणि बसणारे कोपरे लिहून घेऊ. काकांचा हा रकाना सगळ्यात आधी. उपग्रहाच्या चित्रावरून कायम फिक्या राहणाऱ्या जागा काढू आणि दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवून बघू. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं आणि चित्र जिथे जुळत नाही तिथे खड्डा नक्की घ्यायचा असं मला वाटतं, कारण नवं काही कळेल तर तिथेच.

मग सगळ्या गटांची पेल्यातली चाचणी. गुरुजी, मुलांना जरूर घेऊ, पण खड्डे मोठी माणसं खणतील. पेल्यात गढूळ निघालेले गट, क्षारता जास्त असलेले गट आणि तुलनेला काही स्वच्छ गट प्रयोगशाळेत पाठवू. चार थर घेऊ: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते १०० सेंटिमीटर. उंचवटा की खोलगट, नाल्यापासून किती लांब, चुनखडीच्या गाठी किती खोलीवर लागल्या, तेही लिहू. विहिरी, बोअर आणि शेततळी वेगळ्या खुणांनी दाखवू.

खर्चाचं म्हणाल तर पोकरा या सरकारी कृषी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावं घेतलेली आहेत, तिथे ग्राम समितीमार्फत मागणी करू. काही शेतकरी स्वतःच्या गटाचा खर्च उचलायला तयार आहेत. ज्यांना जमत नाही त्यांचे गट सोडायचे नाहीत, त्यासाठी वर्गणी काढू. सगळ्यात बिकट जमीन बहुतेक सगळ्यात गरीब माणसाकडेच असते. नकाशातून तोच सुटला तर आमचं काम अर्धवट राहील.

एक शंका आहे. नकाशा भिंतीवर लागला की तांबड्या गटाचा भाव पडेल, बँक कर्ज देताना खळखळ करेल, अशी भीती दोघा-तिघांनी बोलून दाखवली. ती मला खोटी वाटत नाही.

शेततळं_आणि_लिंबू
भीती खरी आहे. मालकाची लेखी संमती घ्या आणि ज्यांना नको असेल त्यांचा आकडा फक्त त्यांनाच द्या. भिंतीवरच्या नकाशात गट नंबर न टाकता नुसत्या हद्दी आणि रंग ठेवता येतील, पण गावात कोणाचं वावर कुठलं हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे संमतीच महत्त्वाची. बाईच्या नावावर सातबारा असेल तर संमती तिच्याकडूनच घ्या, घरातल्या माणसाकडून नको.

उपग्रह
संमतीबद्दल ताईंशी सहमत. नकाशाबद्दल एक भर. चारही थरांचा मिळून एक सरासरी रंग काढू नका. वरचा थर ३ आणि खालचा १८ असला तर सरासरी नारिंगी येईल आणि दोन्ही गोष्टी लपतील. तीन नकाशे करा: वरच्या ३० सेंटिमीटरचा, ३० ते ६० चा आणि ६० ते १०० चा. हरभऱ्याला पहिला बघायचा, कपाशी-तुरीला दुसरा आणि तिसरा. गटांच्या हद्दी बसवताना महाभूनकाशा आणि उपग्रहाचं चित्र थोडं सरकलेलं दिसतं, तेव्हा विहीर, रस्त्याचा चौक, नाल्यावरचा पूल अशा पक्क्या खुणा मोबाइलच्या जीपीएसवर आधी नोंदवून ठेवा. फाइल तयार झाली की मला पाठवा, हद्दी मी जुळवून देतो.

मृदगंध
थर आणि जागांची निवड बरोबर आहे. एक जोड द्या: प्रत्येक थराच्या पिशवीत गट नंबर आणि खोली पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका आणि बाहेरही लिहा, शाई ओलीने पसरते. माती सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या पोत्यांत चुकूनही भरू नका.